उत्तर: मेट्रो आली की विमानतळाचा प्रश्न सुटेल?

'मेट्रो विमानतळापर्यंत गेली की टॅक्सीची कटकट संपली,' हे विमानतळाच्या वाटेवरचा धूर कमी करण्याच्या चर्चेतलं तुमचं म्हणणं अर्धंच पटलं. 31 मे 2025 ला आपल्या इंदुरात मेट्रो सुरू झाली ती गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर, जेमतेम सहा किलोमीटर. गांधीनगर विमानतळापासून लांब नाही, पण दोन बॅगा आणि सासूबाई घेऊन चालत जाण्याइतकं जवळही नाही. मेट्रो विमानतळाला पोचेपर्यंत त्या मधल्या तुकड्यात छोटी इलेक्ट्रिक बस फिरवायला कोणी अडवलंय?

खरा धूर रिकाम्या गाडीचा. टॅक्सी प्रवाशाला सोडते नि रिकामी परतते. घ्यायला येणारी रिकामीच येते. एका माणसासाठी दोन फेऱ्या. सोडणाऱ्यालाच पुढचा प्रवासी घ्यायला विमानतळावरच्या रांगेत नंबर मिळाला, तर बॅटरीच्या गाड्यांआधीच बराच फरक पडेल.

आणि इंदुरात उतरणारे सगळे शहरातल्या राजवाड्याकडे जातात कुठे? कितीतरी जण थेट उज्जैनला, महाकालला. पंचावन्न-एक किलोमीटर, प्रत्येक कुटुंबाची वेगळी गाडी! विमानांच्या वेळा धरून विमानतळावरूनच बस सोडा. इंदूरच्याच देवगुराडिया भागातल्या प्रकल्पात रोज 550 टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याची क्षमता आहे, त्यावर शहरातल्या बस धावतातच. आपल्याच भाजीच्या देठांवर भाविक महाकालला पोचतील.

विमानतळावर काम करणाऱ्यांचं मात्र कोणीच बोललं नाही. प्रवासी वर्षातून दोनदा जातो, ते रोज, तेही पहाटे तीनच्या पाळीला. त्या वेळी शहरात बस असते का?