दोन एसएमपीएस (पॉवर सप्लाय) पॅरलल लावून बॅटरी चार्ज करायची आहे, मदत हवी

वर्सोव्याला बोटीवरच्या दिव्यांसाठी १२.८ व्होल्ट १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आहे, बीएमएस (बॅटरीचं संरक्षण करणारं सर्किट) ५० अँपचा. धक्क्यावर लाइट जेमतेम पाच तास मिळते म्हणून एका १० अँपच्या सप्लायने भागत नाही, त्यामुळे लॅमिंग्टन रोडवरून १५ व्होल्ट १० अँपचे दोन सेम एसएमपीएस आणले आणि पॅरलल केले.

दोन्ही मल्टिमीटरने १४.४ ला सेट केलेत, वायरी सारख्याच जाडीच्या, सारख्याच लांबीच्या, तरी क्लॅम्प मीटरवर एक ९ अँप देतो आणि दुसरा जेमतेम २. बॅटरी बरीच उतरलेली असली की पहिला टिकटिक करत बंद-चालू होतो, मग सगळा लोड दुसऱ्यावर येतो आणि तोही तसाच. शॉट्की डायोड लावून पाहिले, बॅटरीचा करंट उलटा यायचा प्रश्न मिटला पण वाटणी काही सुधारली नाही, वर ०.४ व्होल्ट गेले ते वेगळेच.

तयार २० अँपचा चार्जर सध्या परवडणार नाही, हेच दोन वापरायचेत.

आता प्रत्येकाला ०.०५ ओहमचा रेझिस्टर सिरीजला टाकून भागेल का, की एसएमपीएस १८ व्होल्टपर्यंत चढवून प्रत्येकामागे वेगळं करंट लिमिटवालं मॉड्यूलच लावावं लागेल? आणि तसं केलं तर लिमिट किती अँपवर ठेवू?