विमानतळावरून घरी सहकुटुंब: मेट्रो असताना गाडीचा हट्ट कशाला?

ठाकूरद्वार
मुंबईत कुणी विमानाने येणार म्हटलं की घरून गाडी निघते. गाडीत ड्रायव्हर सोडून तिघं. परत येताना पाहुणे चार, बॅगा सहा, म्हणजे आणखी एक टॅक्सी. ही रीत आता बंद करावी असं माझं मत आहे.

मुंबईची भुयारी मार्गिका 'मेट्रो ३' ही ऑक्टोबर २०२५पासून आरे ते कफ परेड पूर्ण सुरू झाली. ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं, त्यात विमानतळाची टी२ आणि टी१ ही दोन्ही टर्मिनलं. सहारला (म्हणजे टी२ला) उतरलेलं बिऱ्हाड गाडी न बदलता दादर, सिद्धिविनायक, गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी गाठतं. या टोकापासून त्या टोकापर्यंतचं तिकीटसुद्धा ७० रुपयांच्या वर जात नाही. वर रस्त्यावर खेरवाडी ते कलानगर किती वेळ लागेल ते ब्रह्मदेव सांगू शकत नाही. खाली मात्र वेळेचा भरवसा आहे. मुलांना एसी, आपल्याला शांतता. मग अडतंय कुठे?

शिळफाटा
अडतंय हे की मुंबई गिरगावात संपत नाही. आम्ही डोंबिवलीचे. तुमच्या मेट्रोने एक स्टेशन मरोळ नाका, तिथे वर चढून मेट्रो १, मग घाटकोपर, मग पूल, मग लोकल. संध्याकाळी सात वाजता घाटकोपरच्या पुलावर दोन मोठ्या बॅगा आणि कडेवर पोर घेऊन उभं राहून दाखवा, मग पुढचं बोलू. कर्जत फास्टमध्ये एकटा माणूस नीट शिरत नाही.

निशाचर
धागाकर्तीला एकच प्रश्न. मेट्रो सुरू होते पहाटे सहाच्या सुमाराला, टोकाच्या स्थानकातून शेवटची गाडी सुटते रात्री साडेदहाला. आखातातली आणि युरोपातली किती विमानं मध्यरात्रीनंतर उतरतात? सहकुटुंब परदेशातून येणाऱ्यांपैकी कितीतरी लोक इमिग्रेशन आणि बॅगांचा पट्टा उरकून बाहेर येतात तेव्हा मेट्रोचं शटर खाली असतं. शहराची विमानं रात्री येणार आणि शहराची मेट्रो रात्री झोपणार, तर ती विमानतळाची मेट्रो कशी?

ठाकूरद्वार
@निशाचर, मुद्दा मान्य. पण दिल्ली, बंगळूर, नागपूरहून येणारं विमान दुपारी उतरतं, तरी लोक गाडीच मागवतात. माझा आक्षेप त्यांच्यावर आहे.
@शिळफाटा, घाटकोपरमार्गे जा असं मी कुठे म्हटलं? दादरच्या खाली राहणाऱ्यांनी तरी हट्ट सोडावा.

हिशेबनीस
जरा आकडे. काळी-पिवळी टॅक्सीचं मीटर फेब्रुवारी २०२५पासून ३१ रुपयांना पडतं (पहिले दीड किलोमीटर), पुढे किलोमीटरला साधारण पावणेएकवीस. टी२ ते गिरगाव २४ किलोमीटर धरा, मीटर ५००च्या आसपास येतं. मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत पंचवीस टक्के जास्त. आता चौघांचं मेट्रो तिकीट काढा, अगदी ७०च्या दराने धरलं तरी २८०. शिवाय गिरगाव स्थानकातून घरापर्यंत बॅगा ओढायच्या, नाहीतर परत टॅक्सी, आणि जवळचं भाडं घ्यायला टॅक्सीवाला खूश नसतो. एकट्याला मेट्रो स्वस्त, दोघांना स्वस्त, चौघांना सामानासकट फरक बराच कमी होतो. विमानतळाच्या काउंटरचा दर मीटरपेक्षा चढा असतो आणि ॲपवाले गर्दीला भाव वाढवतात हे खरं, त्यामुळे मेट्रोचं पारडं थोडं जड होईल. पण 'पैसे वाचतात' हे कारण कुटुंबासाठी फारसं टिकत नाही. वेळ वाचतो म्हणा, चालेल.

आजी नंबर एक
तुम्ही सगळे धडधाकट दिसता. आम्ही विमानात व्हीलचेअर सांगून ठेवतो. तो मुलगा विमानाच्या दारापासून बाहेर गाडीपर्यंत सोडतो, बिचारा बॅगासुद्धा उतरवून देतो. मेट्रोला लिफ्ट आहेत हे ऐकलं, बघितलंही. पण टर्मिनलच्या दारातून थेट फलाट असं काही नाही, मध्ये चालणं आहे, सुरक्षा तपासणीत सगळं सामान पुन्हा मशिनवर चढवायचं आहे, आणि विमानतळाची ट्रॉली काही डब्यात येत नाही. बारा तास पाय लोंबकळत बसल्यावर घोटे सुजलेले असतात. तेव्हा म्हाताऱ्या माणसाला दारातून दारात जाणारी गाडी लागते. ही चैन नव्हे.

उपऱ्या (दिल्ली)
इथल्या एअरपोर्ट एक्स्प्रेसशी तुलना करून बघा. २०११पासून चालू आहे. नवी दिल्ली स्टेशनवरून टी३ वीसेक मिनिटांत, डब्यात सामान ठेवायला रॅक, मोजकीच स्थानकं. काही विमान कंपन्यांचं चेक-इन नवी दिल्ली मेट्रो स्थानकातच होतं, बॅग तिथेच देऊन टाकायची आणि मोकळ्या हातांनी निघायचं. ती मार्गिका विमानतळासाठी बांधली. तुमची मेट्रो ३ सीप्झ, एमआयडीसी, बीकेसीच्या नोकरदारांसाठी बांधली आणि वाटेत विमानतळ लागतो. दोन्हींत फरक आहे. संध्याकाळी सहानंतर बीकेसीला जो लोंढा चढतो त्याला तुमच्या बॅगा दिसत नाहीत, फक्त अडचण दिसते.

ठाकूरद्वार
लोंढा चढतो, पण तो दुपारी दोनला चढतो का? सगळे जण सर्वांत वाईट तास निवडून उदाहरणं देताहेत. गाडीची उदाहरणं देताना मात्र सगळ्यांचे रस्ते रिकामे!

वेम्ब्लीची सून
लंडनमध्ये हीथ्रोला पिकॅडिली लाइन १९७७पासून जाते, २०२२पासून एलिझाबेथ लाइन आहे, शिवाय पॅडिंग्टनला १५ मिनिटांत नेणारी हीथ्रो एक्स्प्रेस. तरी भारतातून सासू-सासरे आले की आमच्याकडे मिनीकॅबच ठरते, कारण अनेक जुन्या ट्यूब (भुयारी रेल्वे) स्थानकांत जिने आहेत आणि सासूबाईंच्या बॅगेत भाजणी, मेतकूट, पुरणयंत्र असं सगळं असतं. तेच आम्ही चौघं आलो की एलिझाबेथ लाइन. एकाच घरात दोन उत्तरं. तुम्ही लोक एकच उत्तर सगळ्यांच्या गळ्यात का मारताय?

कोथरूडी
पुणेकरांना या चर्चेत जागा आहे का? असेल तर ऐका. टी२वरून पुण्याला थेट टॅक्सी सोयीची, महाग. मेट्रो सुरू झाल्यावर वाटलं, सरळ सीएसएमटी गाठू आणि रेल्वे पकडू. दुपारच्या विमानाला हे जमतं, कारण डेक्कन क्वीन सव्वापाचच्या आधी पाच मिनिटं सुटते. पण परदेशातून आलेला माणूस पहाटे तीनला उतरतो, इंद्रायणी सुटते ५.४०ला, आणि मेट्रो तोवर उठलेलीही नसते. मग पहाटे टॅक्सीने सीएसएमटी? त्यापेक्षा त्याच टॅक्सीत आणखी पैसे घालून सकाळी घरी चहाला पोचतो. (आमच्याकडे पाहुण्याला आणायला कुणी मुंबईला जात नाही, हा आमचा दोष समजा किंवा गुण.)

शिळफाटा
गुण कसला! आणायला जाणं हा मूळ मुद्दा आहे, मेट्रो-टॅक्सी नंतर. मुलगी दोन वर्षांनी अमेरिकेहून येते, तिला 'टी२वरून मरोळ नाक्याला ये आणि डावीकडे वळ' असं सांगायचं? बापाने बाहेरच्या रेलिंगला टेकून तीन तास उभं राहायचं असतं. त्यात अर्थशास्त्र शोधू नका.

ठाकूरद्वार
उभे राहा की! पण तुम्ही एकटेच मेट्रोने जा. गाडी भरून आत्या, काकू आणि शेजारचा बंटी कशाला? पाहुण्याला मागच्या सीटवर मांडीवर बॅग घेऊन बसवता ते यामुळे. माझा उपाय साधा आहे. म्हातारी माणसं आणि मोठ्या बॅगा एका टॅक्सीत, सोबत एक धडधाकट माणूस. बाकीचे मुलांना घेऊन मेट्रोने. दोन गाड्यांची एक गाडी होते.

आजी नंबर एक
याला माझी ना नाही. फक्त तो धडधाकट माणूस नातू नसावा. तो टॅक्सीत झोपतो.

निशाचर
रात्री अडीच वाजता हाही उपाय चालत नाही, याची नोंद घ्यावी.

हिशेबनीस
दादरला उतरणाऱ्यांसाठी एक गोष्ट राहिली. मेट्रोचं दादर गोखले रोडखाली आहे, रेल्वेचं दादर नव्हे. तिथून लोकल पकडायची तर रानडे रोडची गर्दी पार करून जावं लागतं. सणाच्या आधीच्या रविवारी बॅगा घेऊन हा प्रयोग करू नये. रिक्षाचाही विचार करू नका, ती माहीम-शीवच्या अलीकडेच थांबते.

नवा मेंबर
धागा उत्तम. आमचं तिकीट गोव्याहून 'मुंबई' म्हणून काढलं होतं, आता नीट वाचलं तर विमान नवी मुंबईला उतरतंय. उतरल्यावर ही मेट्रो ३ कुठे मिळेल?

शिळफाटा
मिळणार नाही. नवी मुंबई विमानतळ डिसेंबर २०२५मध्ये सुरू झाला, तो उलवे-पनवेलकडे आहे आणि मेट्रो ३ तिथून खाडीपलीकडे राहते. बेलापूर-पेंधरची मेट्रोही विमानतळापर्यंत येत नाही. आम्हा डोंबिवलीकरांना तो सहारपेक्षा बरा पडेल. गिरगावला जाणार असाल तर अटल सेतूवरून या, कारला एका वेळचा टोल २५० रुपये आहे. टॅक्सी ठरवताना तो भाड्यात धरलाय की वेगळा, ते आधी विचारून घ्या.

ठाकूरद्वार
आणि बॅगा कमी आणा!