ग्रुपचा फोरकास्ट दर महिन्याला फुगतो: ब्लॉक, वॉश, पिकअपचा हिशेब कसा ठेवता?

पाथर्डी_फाटा
नाशिकला ८४ खोल्यांचं हॉटेल. निम्मा धंदा ग्रुपचा: लग्नं, फार्मा कंपन्यांच्या मीटिंगा, वायनरी बघायला येणारे मुंबई-पुण्याचे ऑफिस ग्रुप आणि शिर्डी-त्र्यंबकच्या टूर बसेस. ब्लॉक (ग्रुपसाठी राखून ठेवलेल्या खोल्या) पीएमएसमध्ये, म्हणजे हॉटेलच्या बुकिंग सॉफ्टवेअरमध्ये टाकतो, त्यावरून एक्सेलमध्ये ९० दिवसांचा फोरकास्ट जातो. महिन्याच्या १ तारखेला दाखवलेल्या ग्रुप रूम नाइट्स (एक खोली एक रात्र म्हणजे एक) आणि महिनाअखेरचा खरा आकडा यांत १५ ते २० टक्क्यांची तफावत राहते, तीही कायम एकाच बाजूला. मालक म्हणतात, सरसकट २० टक्के कापून दाखवा. पण टूर बसेस जवळपास पूर्ण भरून येतात, मग त्यांच्यातून का कापायचे? शिवाय टेंटेटिव (अजून पक्के न झालेले) ग्रुप फोरकास्टमध्ये धरायचे की नाही? कोणी शीटची रचना सांगितली तर बरं होईल.

आकडेमोड
सरसकट कापू नका. एका महिन्यात लग्नं जास्त, दुसऱ्यात बसेस जास्त; एकच टक्केवारी दोन्ही महिन्यांत चुकणार.

तफावत एकाच बाजूला जाते याचा अर्थ ब्लॉकलाच अंदाज समजलं जातंय. प्रत्येक ग्रुपसाठी, प्रत्येक रात्रीसाठी चार आकडे वेगळे ठेवा: मूळ करार, आजचा ब्लॉक, पिकअप (म्हणजे नावानिशी पडलेली बुकिंग्ज) आणि तुमचा अंदाज. मूळ कराराचा रकाना लॉक करा. बहुतेक ठिकाणी सेल्सवाले ४० चे ३२ झाले की ४० वरच ३२ लिहितात. मग सहा महिन्यांनी वॉश (करारातल्या किती टक्के खोल्या गळल्या) काढायला बसलं की करार ३२, आले ३१, वॉश ३ टक्के असं देखणं पण खोटं चित्र दिसतं.

‘रात्रीनिहाय’वर जोर देतो. लग्नाचा ग्रुप शुक्रवारी १२, शनिवारी ४०, रविवारी ८ असा असतो. पीएमएसमध्ये तो घाईघाईत तीनही रात्री ४० टाकला, तर ६० ऐवजी १२० रूम नाइट्स दिसतात. वर शुक्रवार-रविवारच्या खोल्या ओटीएवर (ऑनलाइन बुकिंगच्या साइट्सवर) बंद राहतात, ते नुकसान वेगळंच.

वॉश काढताना टक्केवाऱ्यांची सरासरी घेऊ नका, बेरजा घ्या. एका लग्नात ५० चे ४५ आले (१० टक्के गळती), दुसऱ्यात १० चे ५ (५० टक्के). सरासरी ३० टक्के येते. खरी गळती ६० मागे १०, म्हणजे साडेसोळा टक्क्यांच्या आसपास. लग्न, कॉर्पोरेट, टूर बसेस, देवदर्शन असे प्रकार पाडा आणि प्रत्येकाचा वॉश स्वतंत्र ठेवा. एखाद्या प्रकारात दहापेक्षा कमी ग्रुप असतील तर त्या टक्केवारीवर फार विसंबू नका, सेल्सला विचारून ग्रुपगणिक आकडा लिहा.

आणि पिकअप ब्लॉकच्या आतला आकडा आहे. ब्लॉक ४०, पिकअप १८, तर ऑन द बुक्स (आजच्या तारखेला हातात असलेल्या खोल्या) ४० असतं, ५८ नाही. रिपोर्ट जोडताना ही दुहेरी मोजणी सहज होते.

मास्टर_फोलिओ
दुहेरी मोजणीचा दुसरा प्रकार जास्त चकवतो. मुलीकडचे पाहुणे ब्लॉकची वाट न बघता ओटीएवर स्वतःच खोली घेतात, कधी तिथे दर कमी दिसतो म्हणून, कधी कोणी सांगितलंच नाही म्हणून. ती बुकिंग्ज ट्रान्झिएंटमध्ये (ग्रुपबाहेरच्या सुट्या पाहुण्यांत) मोजली जातात आणि ब्लॉकमधली जागा रिकामीच उभी राहते. रूमिंग लिस्ट (कोण कुठल्या खोलीत याची ग्रुपची यादी) आली की त्या तारखांच्या सगळ्या सुट्या बुकिंग्जशी नाव आणि मोबाइल ताडून बघा. जुळली तेवढ्या खोल्या ब्लॉकमधून कमी करा, दर मात्र ज्याचा त्याचा राहू द्या. ग्रुपच्या तारखांना ओटीएचा दर ग्रुपच्या दराखाली जाऊ दिला नाही तर हा ताप निम्म्याने कमी होतो.

आता पैशांकडे या. समजा पॅकेज ७,२०० अधिक कर, दोघांसाठी, नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून. नाश्ता ३५० आणि जेवण ६५० माणशी, म्हणजे २,००० रुपये एफ अँड बीचे (खाण्यापिण्याचे), खोलीचे ५,२००. पीएमएसमध्ये पॅकेज फोडलेलं नसेल तर ४० खोल्यांवर रोज ८०,००० रुपये रूम रेव्हेन्यूत जास्त दिसतात. त्यात बँक्वेटवाल्यांनी तेच जेवण आपल्या फोरकास्टमध्ये धरलं की तेवढी रक्कम पुन्हा एकदा.

जीएसटी बाहेर ठेवा हे वेगळं सांगायला नको, पण ‘सगळं धरून अमुक’ अशा दरात तो लपलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर १२ ऐवजी ५ टक्के कर आहे, इनपुट क्रेडिटशिवाय (खरेदीवर भरलेला कर वळता होत नाही). त्याआधी कर धरून ठरलेले जुने दर शीटमध्ये १.१२ ने भागले जात असतील, तर तो भाजक बदला. नुसत्या ५,६०० च्या खोलीत ५,००० आणि ५,३३३ इतका फरक पडतो.

सह्याद्री_रेव्हेन्यू
टेंटेटिवबद्दल. शक्यता लावा. तोंडी चौकशी १० टक्के, कोटेशन गेलं ३०, साइट व्हिजिट झाली ५०, प्रोफॉर्मा (आगाऊ बिल) मागितली ७५, ॲडव्हान्स आला की डेफिनिट, म्हणजे पक्का. हे आकडे सुरुवातीपुरते. वर्षभराच्या नोंदी झाल्या की स्वतःचे बसवा.

आकडेमोड
छोट्या ग्रुपांना चालेल. दहा-दहा खोल्यांचे आठ-दहा ग्रुप असतील तर बेरीज बरोबर येते. पण ८४ खोल्यांच्या हॉटेलात ६० खोल्यांचं लग्न ५० टक्क्याने धरलं की शीटवर ३० खोल्या येतात, आणि ३० हा आकडा कधीच खरा होणार नाही. येतील तर पन्नासच्या वर, नाहीतर शून्य. हॉटेलातल्या एकूण खोल्यांच्या पाव भागाहून मोठा टेंटेटिव ग्रुप शक्यतेत घालू नका. त्या तारखांसाठी दोन ओळी दाखवा, ग्रुपसह आणि ग्रुपविना, आणि निर्णयाची तारीख लिहा. मालकांनाही तेच समजतं.

टेंटेटिव ब्लॉक इन्व्हेंटरीतून (विकायला मोकळ्या खोल्यांतून) वजा होणार नाही अशा स्टेटसने टाका. तो वजा होत असेल तर चौकशीच्या जोरावर तुमची शनिवारची खोली बंद पडते.

पाथर्डी_फाटा
कळलं, पॅकेज आमच्याकडे फोडलेलं नाहीये. आता कट-ऑफचं (ब्लॉकमधल्या न भरलेल्या खोल्या सोडून देण्याच्या तारखेचं) सांगा. करारात ३० दिवस लिहितो, पण लग्नाची रूमिंग लिस्ट तीन दिवस आधी येते. रिलीज केलं तर पार्टी भांडते.

बोर्डवरची_किल्ली
लग्नाला एकच कट-ऑफ चालत नाही. टप्पे करा: ६० दिवस आधीपर्यंत २० टक्के खोल्या विनाशुल्क कमी करता येतील, ३० दिवसांपर्यंत उरलेल्यातल्या आणखी १० टक्के, १५ दिवसांच्या आत ठरलेल्या खोल्यांचे पूर्ण पैसे. प्रत्येक टप्प्याला ॲडव्हान्सचा हप्ता जोडा. नावं नंतर आली तरी चालतील, संख्या मात्र पैशासकट आली पाहिजे. ४० ची ३२ आणि ३२ ची २९ (२८.८ होते, वर धरली). याहून कमी आले तर त्या खोल्यांचे पैसे ‘अॅट्रिशन’ म्हणून वेगळ्या शीर्षकाखाली टाका. रूम रेव्हेन्यूत मिसळले की एडीआर (खोलीचा सरासरी दर) उगाच चढलेला दिसतो आणि पुढच्या वर्षी कोणीतरी तोच दर गृहीत धरतो.

वॉश अंदाजही टप्प्याबरोबर बदला. ९० दिवस आधी लागणारी कपात १५ दिवसांवर तशीच ठेवली, तर एकदा कमी झालेला ब्लॉक पुन्हा कापला जातो.

तीन गोष्टी लग्नात नेमक्या निसटतात. नागपूरहून रात्रीच्या गाडीने निघालेलं वऱ्हाड नाशिक रोडला पहाटे उतरतं. त्यांना सकाळी खोली हवी म्हणजे आदल्या रात्रीचा ब्लॉक हवा, मग तो चार्ज करा किंवा सवलत द्या, पण शीटवर दिसू द्या. दुसरं, चौघे एका खोलीत राहायला लागले की खोल्या घटतात पण नाश्त्याची माणसं घटत नाहीत, म्हणून खोल्या आणि पॅक्स (माणसं) दोन वेगळे रकाने. तिसरं, फुकट दिलेल्या खोल्या (वधूवरांची, टूर मॅनेजरची): ऑक्युपन्सीत (भरलेल्या खोल्यांत) दिसतात, एडीआरच्या भाजकात सहसा येत नाहीत.

दिंडोरी_रोड
गेल्या वर्षाची त्याच तारखेशी तुलना करत असाल तर लग्नांपुरती ती बंद करा. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे मराठी घरांची लग्नं त्या महिन्यात जवळपास नाहीत. २०२५ च्या मे अखेरचे आकडे तिथे चिकटवले तर फोरकास्ट कोसळणार. दिवाळीसुद्धा २०२५ ला ऑक्टोबरात होती, २०२६ ला नोव्हेंबरात, त्यामुळे तुळशीच्या लग्नानंतरचा हंगामही पुढे सरकतो. पंचांगातले मुहूर्त शीटमध्ये एका रकान्यात भरा आणि मुहूर्ताची मुहूर्ताशी तुलना करा. गुजराती, मारवाडी पार्ट्यांचे मुहूर्त थोडे वेगळे निघतात, तेही त्यांच्याकडूनच विचारून घ्या.

पाथर्डी_फाटा
यातलं सगळं एकदम नाही जमायचं. कुठून सुरुवात करू?

आकडेमोड
मूळ कराराचा रकाना आणि दर सोमवारी सकाळचा स्नॅपशॉट, म्हणजे पुढच्या ९० दिवसांच्या ब्लॉक-पिकअपची प्रत तारखेसकट वेगळ्या टॅबमध्ये. पॅकेज फोडणं अकाउंट्सकडून याच आठवड्यात करून घ्या, तिथे वाट बघण्यासारखं काही नाही. वॉशचे आकडे वापरण्याजोगे व्हायला एक पूर्ण हंगाम जाईल. तोवर प्रत्येक ग्रुपपुढे सेल्सने स्वतःच्या नावाने लिहिलेला अंदाज घ्या. नाव लिहायचं म्हटलं की ४० चे आपोआप ३३ होतात.