विद्युतकामे आणि कुटुंब, दोन्हींसाठी ईको घ्यावी का?

प्रश्न: मी चिपळूणला विद्युतजोडणीची कामे करतो, शिडी, वायरची बंडले आणि ड्रिल मशीन रोज न्यावी लागतात, तर रविवारी आई-वडिलांसह आम्ही पाच जण बाहेर पडतो. पाच आसनी मारुती ईको व्हॅन पुरेल का?

उत्तर १: पुरेल. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळत असल्याने मागे वजन असताना घाटात पकड चांगली राहते आणि सरकत्या दारांमुळे अरुंद गल्लीतही सामान काढता येते. ईकोच्या कार्गो (मालवाहू) प्रकारात दोनच आसने असतात, त्यामुळे तो नकोच.

उत्तर २: विम्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. खासगी मोटारीच्या सर्वसाधारण पॉलिसीत मालाचे नमुने व वैयक्तिक सामान सोडून अन्य मालवाहतूक समाविष्ट नसते, म्हणून आपल्या साहित्याबद्दल विमा कंपनीकडून लेखी खुलासा घ्यावा.

उत्तर ३: आईंना चढणे जमते का, ते त्यांना प्रत्यक्ष बसवूनच पाहावे.