मदत हवी आहे: जीआरईचे ११०० शब्द पाठ झाले, पण वाक्यात आले की ओळख देत नाहीत

नमस्कार मंडळी. मी नागपूरची. मेकॅनिकलची डिग्री झाली, हिंगणा एमआयडीसीत नोकरी करते, आणि पुढच्या वर्षी परदेशात एमएसला जायचं म्हणून जीआरई या प्रवेशपरीक्षेची तयारी करून राहिली आहे. परीक्षेला सात आठवडे उरलेत. सराव परीक्षेत गणितात १६४ आले, त्यामुळे ती काळजी नाही. व्हर्बलमध्ये, म्हणजे इंग्रजीच्या भागात, मात्र १४८. मला निदान १५५ पाहिजेत.

माझी पद्धत आधी सांगते, म्हणजे कुठं चुकतंय ते तुम्हाला दिसेल. आतेभावानं त्याच्या वेळची एक जाडजूड शब्दयादी दिली, सीताबर्डीवरून झेरॉक्स केलेली. लाँगबुकात डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याला एक मराठी शब्द, रोज ३०. मी प्रजापतीनगरहून लोकमान्यनगरला मेट्रोनं जाते, म्हणजे अ‍ॅक्वा लाइनचं हे टोक ते ते टोक. जाता-येता वही उघडी. असे ११०० झाले.

गेल्या रविवारी आई मेथी निवडत बसली होती. तिच्यासमोर वही ठेवली आणि म्हटलं, विचार. पहिली दोन पानं मी धडाधड सांगितली. मग तिनं मधलंच कुठलं तरी पान उघडलं, बोट ठेवत ठेवत 'टॅ-सि-टर्न' वाचलं, आणि मी गप्प. अर्थ आठवेना. त्या शब्दाच्या बाजूला तेलाचा डाग होता, तो मात्र आठवला! आई म्हणाली, "तू शब्द नाही पाठ केले बापा, वही पाठ केली."

याहून मोठं दुखणं वाक्यांचं आहे. एका प्रश्नात अशा अर्थाचं वाक्य होतं: वीस वर्षं प्रयोग फसत गेले तरी ती संशोधक मागे हटली नाही, आणि शेवटी सहकाऱ्यांनाही तिच्या त्या गुणाचं कौतुक वाटलं. सहा पर्यायांतून दोन निवडायचे. मी 'ऑब्स्टिनेट' आणि 'पिगहेडेड' निवडले. का? माझ्या वहीत दोन्हींपुढे 'हट्टी' लिहिलंय. 'टेनेशियस'पुढेही 'हट्टी'च आहे, आणि बरोबर जोडीत तोच होता. दुसऱ्या एका उताऱ्यात 'क्वालिफाइड' कौतुक होतं. मी समजले, पात्र माणसानं केलेलं कौतुक. ते निघालं हातचं राखून केलेलं. 'एनर्व्हेट' दिसायला एनर्जीचा भाऊ, निघाला शक्ती काढून घेणारा. 'रेस्टिव्ह'मध्ये रेस्ट आहे आणि अर्थ काय, तर चुळबुळ करणारा.

दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात होते. क्लासमधले सर म्हणतात, मराठी डोक्यातून काढून टाका, इंग्रजीचा अर्थ इंग्रजीतूनच घ्या. करून पाहिलं. 'लॅकॉनिक' शोधला तर 'टर्स' म्हणाले, 'टर्स' शोधला तर 'सक्सिंक्ट'. एका घरी पत्ता विचारावा आणि त्यांनी दुसऱ्या घरी पाठवावं, तसं. 'मितभाषी' वाचलं तेव्हा एका झटक्यात कळलं. मग मराठी खरंच सोडायची का? आणि उरलेल्या दिवसांत यादी पुढे न्यावी की आहे तेच घोटावं?

प्रतिसाद

ती यादी बंद करा, आजच. तुमच्या आतेभावानं परीक्षा २०११ च्या आधी दिली असणार. तेव्हा विरुद्धार्थी शब्द आणि अ‍ॅनालॉजी (शब्दांच्या जोड्यांमधलं नातं) विचारायचे, सुटा शब्द आला की काम भागायचं. ऑगस्ट २०११ पासून ते दोन्ही प्रकार गेले. आता शब्द वाक्यातच भेटतो. सप्टेंबर २०२३ पासून पेपरही आखूड झालाय: व्हर्बलचे २७ प्रश्न, ४१ मिनिटं, आणि त्यातले साधारण निम्मे उताऱ्यावरचे. ११०० शब्द पुष्कळ झाले. पहिल्या भागातले १२ प्रश्न कसे सोडवता त्यावर दुसरा भाग सोपा येणार की अवघड ते ठरतं, म्हणून तिथं घाई नको. निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेच्या दोन फुकट पॉवरप्रेप सराव चाचण्या असतात, त्यातली एक शेवटच्या पंधरवड्यासाठी राखून ठेवा.

प्रतिसाद

मी भाषांतराची कामं करते, म्हणून राहवलं नाही. सरांचा सल्ला पटला नाही. मराठी सोडू नका, उलट आणखी वापरा. दोष मराठीचा नाही, एका शब्दाला एकच शब्द चिकटवण्याचा आहे. आपल्याकडे काय एकटा 'हट्टी'च आहे का? चिवट, खंबीर, हेकट, दुराग्रही, आडमुठा. 'टेनेशियस' चिवट, 'रेझोल्यूट' खंबीर, 'पिगहेडेड' आडमुठा. 'फ्रूगल' काटकसरी, 'पार्सिमोनियस' चिक्कू. 'ऑफिशियस'चा ऑफिसशी संबंध नाही, तो लुडबुड्या. प्रत्येक शब्दाला एक परीक्षा लावा: हे कुणाला तोंडावर म्हटलं तर तो खूश होईल की भांडायला उठेल? तुम्ही निवडलेले दोन्ही शब्द भांडणाचे होते, आणि वाक्यात तर कौतुक होतं. अर्थ पूर्ण कळला नाही तरी एवढ्यावर दोन-तीन पर्याय गळतात.

आणि जिथं गोष्ट सापडेल तिथं गोष्टच लक्षात ठेवा. 'सँग्विन'च्या मुळाशी लॅटिनमधलं रक्त आहे, पण अर्थ आशावादी. जुन्या ग्रीक वैद्यकात शरीरात चार रस मानत. ज्याच्यात रक्ताचं प्राबल्य तो लालबुंद, आनंदी. कफवाला 'फ्लेगमॅटिक', थंड, ढिम्म. पिवळ्या पित्ताचा 'कॉलेरिक', तापट. काळ्या पित्ताचा 'मेलँकॉलिक', उदास. आपणही 'त्याचं पित्त खवळलं' म्हणतोच की. हे चार शब्द मराठी माणसानं विसरायचं कारण नाही. फक्त 'सँग्विनरी' वेगळा, तो खरोखरच रक्तरंजित.

प्रतिसाद

वही फेका, अंकी घ्या, म्हणजे कार्डांवरून पाठांतर करून घेणारं अ‍ॅप. अँड्रॉइडवर फुकट आहे. दुसऱ्यांनी बनवलेले तयार कार्डसंच उतरवू नका. कार्डाच्या पुढे रिकामी जागा असलेलं वाक्य, मागे शब्द आणि वरच्या ताई म्हणतात तशी मराठी छटा. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये अर्थ नसलेली अक्षरं पाठ करून स्वतःवरच मोजलं होतं की विसरणं सुरुवातीला सगळ्यात जोरात होतं. तुमची लाँगबुक तीच अक्षरं आहेत. अंकीत चुकलेलं कार्ड लवकर परत येतं, येणारं उशिरा. मेट्रोत बसून रोज १५ मिनिटं, बस.

धागाकर्ती

दहा दिवसांनी लिहून राहिली आहे, उशिराबद्दल माफी. अंकी सुरू केलं. पण आईला फोनवरचं वाचवत नाही, म्हणून तिच्यासाठी चिठ्ठ्या कापल्या आणि बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात भरल्या. ती हात घालून कुठलीही काढते, त्यामुळे पानाचा आधार गेला. पहिल्या संध्याकाळी ६० पैकी १९ आले, रडूच यायचं बाकी होतं. काल ४४. 'ऑब्सिक्वियस'चा अर्थ मी 'आज्ञाधारक' सांगितला, मग छटा समजावत बसले तर आई म्हणाली, "लाळघोट्या म्हण न सरळ." तेच लिहून ठेवलं. 'टॅसिटर्न' म्हणजे अबोल, त्याला तिनं माझ्या मामाचं नाव दिलंय, आता तो शब्द जन्मात विसरणार नाही.

एक अडलंय. तीन रिकाम्या जागांचे प्रश्न. तिन्ही बरोबर आल्या तरच मार्क, नाहीतर शून्य. माझ्या दोन बरोबर येतात आणि पहिलीतच अडकते. हे प्रश्न शेवटी ठेवायचे का?

प्रतिसाद

प्रश्नावर खूण करून पुढे जा, त्याच भागात वेळ उरला तर परत येता येतं. पण पहिली जागा पहिल्यांदाच भरायची असं कुठं लिहिलंय? 'तरी', 'उलट', 'म्हणूनच' असे शब्द जिच्या जवळ आहेत ती आधी भर. पुष्कळदा ती दुसरी नाहीतर तिसरी असते. पहिली मग तीन पर्यायांत आपोआप उरते. आणि आईला म्हणावं, 'क्वेरुलस'ची चिठ्ठी निघाली तर किरकिऱ्या.