उंच शोभेच्या गवतांची छाटणी : तुमचे अनुभव सांगा

तुऱ्यांचे फोटो काढायला घरातले सगळे पुढे असतात. छाटणीचा दिवस उजाडला की मात्र प्रत्येकाला काहीतरी महत्त्वाचं काम निघतं. आमच्याकडे मिस्कँथसचे तीन ठोंब आहेत, डोक्याच्या वर गेलेले. काल दोन तास खपून दोन उरकले आणि तिसऱ्याकडे बघून विळा खाली ठेवला. तुम्ही कधी कापता, कशानं कापता, कुठे फसलात? फसलेलं आधी सांगा.

*

आधी बांधा, मग कापा. पहिल्या वर्षी मी मोकळंच कापलं आणि पुढे महिनाभर गुलाबाच्या काट्यांत अडकलेली वाळकी पाती वेचत बसले. आता कमरेच्या उंचीला सुतळीचे दोन वेढे, गुडघ्याच्या वर आणखी एक, पेंढी आवळतात तसे करकचून. मग वीतभर बुंधा ठेवून खालून कापायचं. अख्खा ठोंब एका तुकड्यात आडवा होतो. नायलॉनची दोरी घेऊ नका. ती कंपोस्टमध्ये कुजत नाही, सुतळी कुजते.

*

पंपास गवतवाले कोणी आहेत का? त्याच्या पात्यांच्या कडांना करवतीसारखे बारीक दाते असतात. कापताना काही जाणवलं नाही. हात धुवायला गेलो, साबण लागला आणि मग कळलं. हातमोजे होते हो, पण मोजा संपतो आणि बाही सुरू होते तिथली दोन बोटं जागा उघडी राहिली होती. नेमक्या तिथे सात-आठ लाल रेघा. आता बाही मोज्याच्या आत खोचतो आणि डोळ्याला चष्मा लावतो. शिवाय पंपास हिरवंच राहतं, त्यामुळे ते दरवर्षी भुईसपाट करत नाही. जुने तुरे आणि वाळकी पाती तेवढी ओढून काढतो.

*

माझी चूक उशिराची. थंडी सरली, आज करू उद्या करू म्हणत राहिले आणि कोंब हातभर वर आले. वाळकं कापताना तेही कापले गेले. गवताचं पातं वाढतं बुडातून, टोकाकडून नाही, त्यामुळे छाटलेलं टोक तसंच वर सरकत जातं. पूर्ण हंगामभर माझं गवत कात्रीनं सरळ कापलेल्या झिपऱ्यांसारखं दिसत होतं. बुडाशी हिरवे ठिपके दिसायच्या आत उरका.

*

आणि घाईही नको. पाती पिवळी पडल्या पडल्या कापून मोकळा झालो, तर थंडीभर तिथे नुसते खुंट. दवात भिजलेले तुरे सकाळच्या उन्हात बघायचे राहिले. त्यासाठीच तर लावतो ना आपण?

*

सगळ्या गवतांना एकच माप लावू नका, ही माझी कळकळीची विनंती. मिस्कँथस पूर्ण वाळतं, ते कापा बिनधास्त. त्याच उत्साहात मी शेजारचा निळा फेस्क्यूही बुडापासून उडवला. पाचांपैकी दोन रोपं परत आलीच नाहीत. फेस्क्यू आणि बारीक केसांसारखा स्टिपा नुसता विंचरायचा असतो. रबरी मोजे घालून बुडापासून टोकाकडे बोटं फिरवा, मेलेली पाती आपोआप हातात येतात. लेकीची वेणी घालण्याइतकंच नाजूक काम आहे.

*

गवतात सिलिका असते, म्हणजे वाळूत असतो तोच कठीण पदार्थ, त्यामुळे धार बघता बघता जाते. मी प्रत्येक ठोंबानंतर विळ्यावर कानस फिरवतो. कुंपण छाटायचं विजेचं यंत्र असेल तर उत्तमच, पण वायर कुठे आहे ते बघत चला. मी एकदा वायरच छाटली आहे. त्यावर अधिक प्रश्न नकोत.

*

कापण्याआधी काठीनं ठोंब जरा हलवा. आमच्याकडे आत एक जाडजूड बेडूक झोपला होता. विळ्याच्या पात्यापासून चार बोटांवर!

*

मधोमध टक्कल पडलं असेल तर कापून भागत नाही. जुन्या ठोंबाचा मधला भाग मरतो आणि कडेनं तेवढे फुटवे येतात. छाटणी झाल्या झाल्या तो खणून काढायचा, कडेचे तुकडे पुन्हा लावायचे. कुदळीनं माझ्याच्यानं झालं नाही. शेवटी पहार आणि जुनी करवत. कंबर तीन दिवस बोलत होती.

*

पेटवून द्या म्हणणारा सल्लागार प्रत्येकाला भेटतो. ऐकू नका. वाळलेला ठोंब भडकला की ज्वाळा गवतापेक्षा कितीतरी उंच जातात.

*

धागा काढणारा मीच. आज तिसरा ठोंब सुतळीनं बांधून कापला, वीस मिनिटांत. बेडूक नव्हता. गेल्या वर्षी हरवलेली कात्री मात्र आत सापडली, गंजलेली. पेंढी इतकी जाड झाली आहे की फाटकातून बाहेर निघत नाही. सध्या पायरीवर आडवी आहे आणि घरातले सगळे तिला ओलांडून आपापल्या महत्त्वाच्या कामांना जात आहेत.