ॲपल रॉक्सिओ विकत घेणार, या जुन्या वावडीत तथ्य किती होते?

नौपाडेकर
नमस्कार मंडळी. ठाण्यातील आमच्या संगीतमंडळाच्या बैठकींची ध्वनिमुद्रणे वीस-बावीस वर्षांपूर्वी मॅकवर टोस्ट हे सीडी लिहिण्याचे सॉफ्टवेअर वापरून सीडींवर उतरवली जात असत, आणि सध्या ती हार्ड डिस्कवर घेण्याचे काम माझ्याकडे आहे. त्या काळी आमच्या ओळखीच्या मॅकवाल्यांत अशी कुजबुज होती की टोस्ट बनवणारी रॉक्सिओ कंपनी ॲपल विकत घेणार असून पुढे टोस्ट संगणकासोबत फुकटच मिळेल, तेव्हा आता पैसे घालू नयेत. तसे काही घडले नाही, हे उघडच आहे. परंतु या वावडीला काही आधार होता का, आणि व्यवहार झाला असता तर वापरणाऱ्यांचे भले झाले असते का, हे जाणकारांनी सांगावे. आणखी एक अडचण अशी की काही सीडी माझ्या नव्या मॅकवर उघडतच नाहीत, मात्र मंडळाच्या जुन्या मॅकवर त्या व्यवस्थित चालतात.

वाशीचा वाचक
आधार होता, आणि तो बराच भक्कम होता. टोस्टचे मूळ जर्मनीतले. अस्टार्टे ही कंपनी ते विकत असे, पुढे ते अडॅप्टेककडे गेले आणि 2001 साली अडॅप्टेकने आपला सॉफ्टवेअरचा व्यवसाय वेगळा काढला, तीच रॉक्सिओ. याच अस्टार्टेचे डीव्हीडी तयार करण्याचे तंत्र ॲपलने 2000 साली विकत घेतले होते, ज्यातून पुढे डीव्हीडी स्टुडिओ प्रो आले. 2001 साली ॲपलने स्प्रूस ही त्याच क्षेत्रातली आणखी एक कंपनी घेतली. आयट्यून्ससुद्धा साउंडजॅम या गाणी वाजवण्याच्या बाहेरच्या सॉफ्टवेअरचे हक्क घेऊनच उभे राहिले. ज्या कंपनीने दोन वर्षांत इतकी खरेदी केली, ती आता टोस्टवरही हात ठेवील असे लोकांना वाटले, तर त्यात भाबडेपणा नव्हता.

कोपरीचा रहिवासी
वरील इतिहास बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. ॲपलला रॉक्सिओची गरजच उरली नव्हती. जानेवारी 2001 मध्ये आलेल्या आयट्यून्समधून गाण्यांची सीडी थेट बर्न करता येत होती, आणि त्याच वर्षीच्या मॅक ओएस एक्स 10.1 मध्ये फाइंडरमधूनच, म्हणजे मॅकवर फायली पाहण्याच्या खिडकीतूनच, डेटा सीडी बनवण्याची सोय आली. शिवाय रॉक्सिओचा विंडोजवरचा पसारा फार मोठा होता: ईझी सीडी क्रिएटर तिचेच, आणि विंडोज एक्सपीमधली सीडी लिहिण्याची सोयही रॉक्सिओच्याच तंत्रावर उभी होती. स्पर्धकाच्या घरात इतकी गुंतलेली कंपनी ॲपलने कशासाठी पदरात घ्यावी?

भले झाले असते का, या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे: नसते. जुलै 2002 मध्ये ॲपलने लॉजिक हे संगीत ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर बनवणारी एमॅजिक घेतली आणि त्याच वर्षीच्या 30 सप्टेंबरला तिची विंडोजवरची उत्पादने बंद केली. ज्यांनी आपला स्टुडिओ विंडोजवर लॉजिक घेऊन उभारला होता, त्यांच्या हातात पुढचा रस्ता नसलेले साधन राहिले. संगणक बनवणारा जेव्हा साधन विकत घेतो तेव्हा तो आपला संगणक खपवण्यासाठी घेतो, आणि दुसऱ्या यंत्रावरच्या माणसाची त्यात वाट लागते, याची मला आजही मनापासून चीड आहे.

वाशीचा वाचक
मुद्दा मान्य आहे, परंतु स्वतंत्र राहून रॉक्सिओचे तरी काय झाले? 2002 च्या अखेरीस तिने गाण्यांच्या फायलींची देवाणघेवाण करणाऱ्या, दिवाळखोर झालेल्या नॅपस्टरचे नाव आणि मालमत्ता घेतली, 2004 साली डिस्कचे सारे सॉफ्टवेअर सॉनिक सोल्युशन्सला विकले आणि स्वतःच नॅपस्टर हे नाव धारण केले. पुढे सॉनिक रोव्हीकडे गेली आणि 2012 साली रॉक्सिओ कोरेलकडे आली. टोस्ट इतके हात बदलूनही टिकले, हे मला विशेष वाटते. ॲपलने मात्र स्वतःचे आयडीव्हीडी हे डीव्हीडी बनवण्याचे सॉफ्टवेअर 2011 पासून नव्या मॅकसोबत देणे थांबवले.

नेरूळचा ध्वनिमुद्रक
नौपाडेकर, तुमची अडचण मालकीची नसून डिस्कवरच्या मांडणीची दिसते. टोस्टमध्ये जुन्या ‘मॅक ओएस स्टँडर्ड’ पद्धतीने, म्हणजे एचएफएसमध्ये, सीडी लिहिता येत असे, आणि 2019 च्या कॅटालिना या मॅक ओएसच्या आवृत्तीपासून मॅकने ही पद्धत वाचणेच सोडून दिले आहे. जुन्या मॅकवर डिस्क घालून फाइंडरमध्ये ‘गेट इन्फो’ उघडा आणि फॉरमॅटच्या ओळीत काय लिहिले आहे ते पाहा. डिस्कची नुसती इमेज काढून नव्या मॅकवर नेऊ नका, कारण इमेजच्या आतही तीच मांडणी असल्यामुळे ती उघडणार नाही. फायली जुन्या मॅकवरच उतरवून घ्याव्या लागतील.

त्यातही एक धोका आहे. फायली साउंड डिझायनर टू या जुन्या ध्वनिफाइल प्रकारच्या असतील, तर त्यांचा सॅम्पल रेट आणि चॅनेलची माहिती रिसोर्स फोर्कमध्ये, म्हणजे मॅकवर फाइलला जोडलेल्या वेगळ्या भागात, असते, आणि विंडोजच्या पेनड्राइव्हवरून ने-आण करताना ती सहज गळून पडते. मग फाइल दिसते, आकारही बरोबर असतो, पण ती वाजत नाही. म्हणून त्या आधी जुन्या मॅकवरच वेव्ह किंवा एआयएफएफमध्ये बदलून घ्या. ज्या सीडी साध्या ऑडिओ सीडी आहेत, त्यांना यांपैकी काहीच लागू नाही.

प्रत्येक डिस्क ट्यूबलाइटसमोर धरून पाहा. चंदेरी थर लेबलच्या बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखालीच असतो, आणि आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात चिकटवलेला कागद सुटताना तो थरही सोबत ओढतो. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसू लागलेल्या डिस्क सर्वांत आधी उतरवा, आणि त्यांवरचे कागद सोलू नका.

नौपाडेकर
सर्वांचे मनःपूर्वक आभार. अडलेल्या चारही डिस्कच्या माहितीत ‘मॅक ओएस स्टँडर्ड’ असेच लिहिलेले आहे. त्यांपैकी दोन साउंड डिझायनर टूच्या निघाल्या असून, त्यांचे रूपांतर आज जुन्या मॅकवर सुरू केले आहे.